कोंबडी ठणठणीत, मग काळजी कसली?

‘आजारी पक्षी आम्ही विकतच नाही,’ असं पोल्ट्रीवाला छातीठोकपणे सांगतो आणि बहुतेकदा ते खरंही असतं. घोळ होतो तो त्यावरून काढलेल्या निष्कर्षात. पक्षी निरोगी, म्हणजे औषधांना दाद न देणारे जिवाणू त्याच्यात नसणार, असं आपण धरून चालतो. ई. कोलाय हा जिवाणू निरोगी कोंबडीच्या आतड्यात एरवीही नांदत असतो. खाद्यातून प्रतिजैविक गेलं की त्यातले औषधाला बळी पडणारे मरतात आणि उरलेल्यांना रान मोकळं मिळतं. कोंबडीची तब्येत मात्र उत्तम!

अमेरिकेत बॉस्टनजवळच्या एका फार्मवर स्टुअर्ट लेव्ही आणि सहकाऱ्यांनी कोंबड्यांच्या खाद्यात टेट्रासायक्लिन गटातलं औषध मिसळून पाहिलं. १९७६ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष आजही अस्वस्थ करतात. आठवड्याभरात कोंबड्यांच्या आतड्यांतले जवळपास सगळे जिवाणू त्या औषधाला प्रतिरोधक झाले. पाच-सहा महिन्यांत फार्मवर राहणाऱ्या माणसांच्या विष्ठेच्या ३१.३ टक्के नमुन्यांत प्रतिरोधक जिवाणूंचं प्रमाण ८० टक्क्यांच्या वर गेलं. शेजाऱ्यांच्या बाबतीत असे नमुने ६.८ टक्केच होते. औषध होतं कोंबड्यांच्या खाद्यात, हे विसरू नका.

‘मांसात औषधाचा अंश नाही ना, मग झालं,’ हा दुसरा गैरसमज. औषध थांबवून ठरावीक दिवसांनी पक्षी विकला की अंश मर्यादेत येतो. जिवाणू मात्र त्या मुदतीचं बंधन पाळत नाहीत. म्हणून ‘अवशेषमुक्त’ हे लेबल मला अर्धीच माहिती वाटते.

शिजवल्यावर धोका उरत नाही, हे बरंचसं खरं आहे. प्रतिरोधक जिवाणूही उष्णतेने मरतातच. पण कच्चं चिकन नळाखाली धुताना उडणारे शिंतोडे, तीच सुरी, त्याच पाटावर चिरलेली कोशिंबीर, यांचं काय? शिवाय शेडमध्ये राबणाऱ्यांचा आणि शेतात पडणाऱ्या कोंबडखताचा चुलीशी संबंधच येत नाही.

‘कोंबड्यांची औषधं वेगळी, आपली वेगळी’ हेही तितकंसं खरं नाही. कोलिस्टिन हे माणसांसाठी अगदी शेवटी राखून ठेवलेलं औषध. जिवाणूंना त्याच्याविरुद्ध प्रतिरोध देणारं आणि एका जिवाणूतून दुसऱ्यात सहज जाणारं एमसीआर-१ हे जनुक चीनमध्ये सापडल्याचं २०१५ साली जाहीर झालं. भारताने जुलै २०१९ मध्ये कोंबड्यांसह अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांत कोलिस्टिनच्या वापरावर बंदी घातली.

बंदीने सगळं पुसलं जातं, असंही नाही. डेन्मार्क आणि नॉर्वे या दोन्ही देशांनी १९९५ मध्ये अ‍ॅव्होपार्सिन हे खाद्यातलं औषध बंद केलं. माणसांच्या व्हॅन्कोमायसिनचं ते भावंड. डेन्मार्कच्या कोंबड्यांत व्हॅन्कोमायसिनला न जुमानणाऱ्या एन्टेरोकॉकस जिवाणूंचं प्रमाण झपाट्याने घटलं. नॉर्वेत मात्र पूर्वी ते औषध वापरलेल्या फार्मवर हे जिवाणू पुढची कित्येक वर्षं सापडत राहिले.