साठीनंतरची गिटार आणि डावा हात

गेल्या पावसाळ्यात एस.टी.तून निवृत्त झालेले एक गृहस्थ दवाखान्यात आले. वय ६१, जुना मधुमेह. डाव्या हाताचे मधले बोट सकाळी मिटलेलेच राहते, दुसऱ्या हाताने ओढले की 'टक्' आवाज होऊन उघडते, ही तक्रार. "वय झालं, दुसरं काय," असे निदानही त्यांनी स्वतःच करून आणले होते. खोदून विचारल्यावर खरी गोष्ट बाहेर आली. मुलाने कॉलेजात असताना घेतलेली गिटार माळ्यावर पडून होती. ती त्यांनी महिन्यापूर्वी खाली काढली आणि रोज सलग दोन दोन तास घेऊन बसू लागले. जाताना म्हणाले, "डॉक्टर, बोटाचं घरी बोलू नका. गिटार पुन्हा माळ्यावर जाईल."

साठीत नवे वाद्य शिकता येते का, असे अनेकजण विचारतात. 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपण फार मनावर घेतली आहे. जर्मनीत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात साठीच्या आसपासच्या माणसांना तीन चेंडू हवेत खेळवण्याची कला तीन महिने शिकवली. त्यांच्या मेंदूच्या काही भागांत वाढ दिसली आणि सराव थांबल्यावर ती ओसरली. तरुणांइतके कौशल्य त्यांना आले नाही, हेही खरे. न्यूयॉर्कमधील मानसशास्त्रज्ञ गॅरी मार्कस चाळिशीच्या सुमारास गिटारकडे वळले. तालाशी त्यांचे मुळीच जमत नसे. तरीही ते चिकटून राहिले आणि २०१२ साली त्यावर त्यांनी एक पुस्तकही लिहिले.

तेव्हा मेंदूची चिंता नको. चिंता करायची ती हाताची. शिकण्याचा उत्साह आठ दिवसांत वाढतो, पण स्नायूंच्या टोकाशी असलेल्या दोऱ्या, म्हणजे कंडरा, वयाबरोबर ताठर होतात आणि नव्या कामाला हळूहळू सरावतात. आमच्या गृहस्थांचे नेमके इथेच चुकले. बोट मिटवणारी कंडरा एका नळीसारख्या आवरणातून सरकते. तिथे सूज आली की ती अडकते. यालाच 'ट्रिगर फिंगर' म्हणतात. मधुमेहींत हा त्रास इतरांपेक्षा बराच जास्त आढळतो. त्यात तारा दाबण्याचा अतिरेक झाला, इतकेच. विश्रांती, बोटाला पट्टी आणि गरज पडल्यास इंजेक्शन असा उपचार असतो. स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने काही दिवस रक्तातील साखर वाढू शकते, म्हणून मधुमेह असल्याचे डॉक्टरांना आधीच सांगावे.

दुसरी गोष्ट त्यांच्या बोटांची टोके पाहताना लक्षात आली. घरी साखर तपासण्यासाठी ते रोज डाव्याच हाताच्या बोटांना सुई टोचत होते, तीही बरोबर पेराच्या मध्यावर! त्याच जागेवर पोलादी तार दाबायची. सुई नेहमी बोटाच्या कडेला टोचावी आणि गिटार वाजवणाऱ्याने ती उजव्या हाताला टोचावी. ज्यांच्या बोटांना बधिरपणा आहे त्यांना तार कापत असल्याचे कळतच नाही. त्यांनी वाजवून झाल्यावर चष्मा लावून बोटे नीट पाहावीत. फोड किंवा चीर दिसली तर ती भरेपर्यंत गिटारला हात लावू नये.

बोटांची टोके पहिले काही आठवडे हुळहुळतात, त्याला घाबरू नये. हळूहळू तिथे घट्टे पडतात. पण मनगट दुखणे, अंगठ्याच्या मुळाशी कळ येणे, रात्री अंगठा व पहिल्या दोन बोटांना मुंग्या येऊन झोपमोड होणे ही निराळी लक्षणे आहेत. ती सहन करत बसू नयेत.

गिटार घेताना नायलॉनच्या तारांची घ्यावी, दाबायला मऊ जाते. घरात पोलादी तारांची असेल तर त्या पडद्यांपासून फार उंच आहेत का, हे वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडून पाहून घ्यावे. पुष्कळदा दोष वयाचा नसून त्या उंचीचा असतो. बसायला हात नसलेली खुर्ची, डाव्या पायाखाली घरातला पाट, मनगट शक्यतो सरळ. तार पडद्याच्या अगदी मागे दाबली तर कमी जोर लागतो. सुरुवातीला दहा मिनिटे सकाळी, दहा मिनिटे संध्याकाळी, एवढेच पुरे. थंडीत आधी हात कोमट पाण्यात धरावेत.

आमच्या गृहस्थांना तीन आठवडे डावा हात पूर्ण बंद ठेवायला सांगितले. ते नाराज झाले. मग उजव्या हाताने नुसत्या मोकळ्या तारा छेडून ताल पक्का करा म्हटले, तेव्हा चेहरा खुलला. परवा ते रक्तदाब दाखवायला आले. बोट आता अडकत नाही. रक्तदाबाचे राहिले बाजूला, त्यांनी डावा पंजा माझ्यासमोर धरला आणि घट्टे मोजून दाखवले. करंगळीचा अजून यायचा आहे म्हणाले.