उकिरड्यातली प्रत्येक अळी हुमणी नव्हे!



गेल्या मे महिन्यात एका सभासदाचा गट ऑफिसला निरोप आला, "साहेब, शेणखतात हुमणी झालीय. बारा गाड्या खत आहे, टाकून देऊ काय?" आदल्या साली अशाच अळ्या बघून त्यांनी खड्ड्यात औषध ओतले होते. पैसा गेला, आणि खोडव्यातली हुमणी होती तिथेच राहिली.

मी जाऊन पाहिले. फावड्यागणिक पांढऱ्या जाड अळ्या निघत होत्या. एक उचलून फरशीवर ठेवली. ती उताणी झाली आणि पाय वर करून पाठीवरच भराभरा सरपटू लागली! मी म्हटले, "दादा, ही हुमणी नव्हे. खत वाचलं तुमचं."

पाठीवर चालणारी अळी फुलभुंगेऱ्याची. ती कुजका पालापाचोळा, शेण खाते व खताचा भुगा करते. पुढे मातीचा अंड्यासारखा कोष करून त्यातून भुंगेरा बाहेर पडतो. हा दिवसा उडतो, तोही वरचे कठीण पंख मिटलेले ठेवून. ज्वारी-बाजरीच्या कणसावर परागकण खाणारा चकचकीत हिरवा भुंगेरा याच कुळातला. वांगी, भेंडीच्या फुलांवर काही जाती थोडा त्रास देतात. सकाळी हाताने वेचले की भागते. उसाला त्रास नाही, म्हणून त्याची नोंदही क्वचितच कोणी ठेवतो.

हुमणीचे तसे नाही. तिची अळी इंग्रजी 'सी' अक्षरासारखी मुडपून कुशीवर पडते, पाठीवर चालत नाही. ती जिवंत मुळ्या खाते. ऊस पिवळा पडून वाळतो, ओढला की सहज उपटून येतो. वळवाचा पाऊस झाला की तिचे भुंगेरे अंधार पडताना कडुनिंब, बाभळीवर जमतात. तीच वेळ साधा. फांद्या हलवून भुंगेरे पाडा व रॉकेलमिश्रित पाण्यात टाका. एकट्याने करून उपयोग नाही, सारी शिवार उठली पाहिजे.

एक सावधगिरी: अंगठ्याएवढी जाड, पाठीवर न चालणारी अळी खतात दिसली तर ती गेंड्या भुंग्याची असू शकते. नारळवाल्यांनी ती वेचून मारावी.

तेव्हा औषधाचा डबा उघडण्याआधी अळी फरशीवर ठेवा, ती कशी चालते ते बघा. शंका वाटली तर डबीत घालून गट ऑफिसला आणा. बघायला पैसे पडत नाहीत!

— ऊस विकास अधिकारी