कोरडा जोड

दोन वर्षांपूर्वीच्या जूनमधली गोष्ट. आमच्या सोसायटीतल्या बायकांचे कपडे शिवणाऱ्या बाई मुलीला घेऊन घरी आल्या. मुलीला दहावीत ७१ टक्के मिळाले होते. मामाचे म्हणणे, कॉमर्सला घाला. मुलीला मात्र सातपूरच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा कोर्स करायचा होता. "काका, तुम्ही बँकेत होता, तुम्हीच सांगा हिला," बाई म्हणाल्या. बँकेतल्या माणसाला सगळे कळते, असा आपल्याकडे एक समज आहे. निवृत्तीनंतरही तो पाठ सोडत नाही.

मी लगेच काही बोललो नाही. मला १९९४ साल आठवले.

त्या वर्षी मी जिल्ह्यातल्या एका शाखेत कर्जविभाग सांभाळत होतो. आदल्या वर्षी, २ ऑक्टोबर १९९३ ला, पंतप्रधान रोजगार योजना सुरू झाली होती. सुशिक्षित बेरोजगारांना व्यवसायासाठी १ लाखापर्यंत कर्ज, तारण नको आणि पदरचे पाच टक्के. आयटीआय झालेला तरुण पात्र, असे योजनेच्या नियमांतच लिहिलेले होते. जिल्हा उद्योग केंद्राकडून अर्जांचे गठ्ठे येत. त्यात एका मुलाचा अर्ज होता. रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा दाखला, आणि यंत्रांच्या यादीत पहिलेच नाव 'ऑसिलोस्कोप'. किराणा दुकान मला कळत होते, पिठाची गिरणी कळत होती, झेरॉक्सचे यंत्रही कळत होते. ऑसिलोस्कोप कळत नव्हता. मी त्याला बोलावून विचारायला हवे होते. त्याऐवजी अर्जावर शेरा लिहिला, "प्रकल्प किफायतशीर वाटत नाही." खाली सही. ते उद्दिष्ट आम्ही किराणा दुकानांवर पूर्ण केले.

आता बाईंच्या मुलीला काय सांगायचे? एवढे कळत होते की या वेळी न विचारता शेरा मारायचा नाही. म्हणून माहिती काढली. अभ्यासक्रम दोन वर्षांचा, दहावीनंतरचा. पहिल्यांदा हत्यारे आणि वीज, मग डायोड-ट्रान्झिस्टर, पुढे पॉवर सप्लाय, यूपीएस, मायक्रोकंट्रोलर, मोबाइल, सौर यंत्रणासुद्धा. शेवटी अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा. नंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यात उमेदवारी करता येते, किंवा पॉलिटेक्निकमध्ये पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश घेता येतो. ही शेवटची वाट मामांना ठाऊक नव्हती. खरे तर मलाही नव्हती. आयटीआयला गेले की पुढचे शिक्षण संपले, अशीच आपली समजूत असते.

अमेरिकेत अशा शिक्षणासाठी कम्युनिटी कॉलेजे असतात. घराजवळ, कमी फीमध्ये दोन वर्षे शिकायचे, आणि मग कामाला लागायचे किंवा मोठ्या विद्यापीठात जायचे. इलिनॉयमधले जॉलिएटचे कॉलेज १९०१ सालचे. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ मध्ये त्याच नावाची योजना आणली. पण नाशिककराला या कल्पनेचे नवल वाटू नये. १९८९ मध्ये याच शहरात यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ उभे राहिले. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू, आणि 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद. बारावी न झालेल्यांनाही पूर्वतयारीचा अभ्यासक्रम करून पदवीकडे जाता यावे, ही सोय त्या विद्यापीठाने केली. सातपूर-अंबडला पाळी करून रात्री पुस्तक उघडणारे किती तरी खातेदार मी पाहिले आहेत. दारे होती. त्यांच्यापर्यंत नेणारा माणूस बहुतेक वेळा माझ्यासारखा असे, आणि तो कॉमर्स सांगे.

मी बाईंना म्हटले, "जाऊ द्या तिला." मामा अजून माझ्याशी तुटक बोलतात. असो.

मुलगी आता दुसऱ्या वर्षाला आहे. मागच्या महिन्यात एका संध्याकाळी ती आली, तेव्हा मी माळ्यावरचा जुना ट्रान्झिस्टर तिच्यापुढे ठेवला. नवे सेल घातले तरी तो मुका होता. तिने मागचे झाकण काढले, सेलच्या स्प्रिंगवरचा हिरवा गंज खरवडला आणि मल्टिमीटरने व्होल्टेज पाहिले. पुढे तिने केले ते मला फार आवडले. स्क्रूड्रायव्हरच्या धातूच्या दांडीवर बोट ठेवून तिने त्याचे टोक आवाजाच्या बटणामागच्या मधल्या टाक्याला लावले. स्पीकरमधून घर्र असा आवाज आला.

"म्हणजे इथून पुढचं सगळं चांगलं आहे, आजोबा. बिघाड अलीकडे आहे."

अर्धे यंत्र तिने एका स्पर्शात बाजूला काढले होते. मी चकित झालो, कारण हे मला येत होते. ताळेबंद जुळला नाही की आम्हीही असेच करत असू. फरकाला नऊने भाग गेला तर आकड्यांची अदलाबदल, ४५ चे ५४ झालेले. फरकाच्या निम्मी रक्कम सापडली तर नावेची नोंद जमेला. मग लेजर खंडाखंडाने तपासून जुळलेले बाजूला ठेवत जायचे. रात्री अकराला चार आण्यांचा फरक सापडला की चहा यायचा. माझ्या एका कादंबरीत टीव्ही दुरुस्त करणारा माणूस आहे. तो पाठीमागे दोन थपडा मारून टीव्ही सुरू करतो. वाचकांनी ते खपवून घेतले, हे त्यांचे मोठेपण.

ती बिघाडाच्या मागे अलीकडे अलीकडे येत गेली आणि अँटेनाच्या गुंडाळीची बारीक तार जिथे पट्टीला जोडलेली होती तिथे थांबली. मला तो जोड पक्का दिसत होता. तिने भिंग दिले. टाक्याभोवती केसाएवढी गोल भेग होती. "याला ड्राय म्हणतात. कोरडा जोड. वरून चिकटलेला दिसतो, पण आतून करंट जात नाही." इस्त्री तापवावी तशी तिने सोल्डरिंगची कांडी तापवली, आधी जोड गरम केला, मग सोल्डर लावले. १८३ अंशांना वितळू लागते, ती म्हणाली. घाई केली तर पुन्हा कोरडा राहतो. राळेचा धूर दिवाणखान्यात पसरला. रेडिओ खरखरला आणि बोलू लागला.

झाकणाचे स्क्रू लावता लावता तिने सहज सांगितले, की वर्कशॉपमध्ये आता ऑसिलोस्कोप वापरायला शिकवतात. व्होल्टेजची लाट पडद्यावर दिसते, चूक नजरेसमोर येते. त्यावर मी तिला त्या मुलाची गोष्ट सांगितली.

"मग त्याचं पुढे काय झालं?" तिने विचारले.

मी अर्जावरचे नाव आठवून पाहिले. नाव आठवले नाही, गावही नाही. शेरा तेवढा शब्दशः आठवत होता.