जर्मन विद्यापीठ : शुल्कमाफीच्या पलीकडे

जर्मनीतील सार्वजनिक विद्यापीठांची महाराष्ट्रातील चर्चा बहुधा शुल्कापासून सुरू होते आणि शुल्कापाशीच संपते; वास्तविक तेथे जाऊ इच्छिणाऱ्याने आधी समजून घ्यावे ते त्या विद्यापीठांचे मूळ गृहीतक, म्हणजे विद्यार्थी हा स्वतःच्या अभ्यासाची जबाबदारी स्वतः वाहणारा प्रौढ माणूस आहे. १८१० मध्ये बर्लिनचे विद्यापीठ उभे राहिले, तेव्हा विल्हेल्म फोन हुम्बोल्ट यांनी अध्यापन आणि संशोधन एकत्र चालावे असा आग्रह धरला, आणि पुढे प्राध्यापकाचे शिकवण्याचे व विद्यार्थ्याचे शिकण्याचे स्वातंत्र्य ही जर्मन विद्यापीठांची ओळख ठरली. इरावती कर्वे यांनी १९२०च्या दशकाच्या अखेरीस याच शहरात ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली पीएच.डी.चे संशोधन केले आणि कवटीच्या असममितीचा वंशाशी संबंध असल्याचे मार्गदर्शकाचे अनुमान आपल्या मोजमापांतून सिद्ध होत नाही, असा निष्कर्ष मांडला.

शुल्काची बाजू थोडक्यात सांगता येते. बहुतेक राज्यांत शिक्षणशुल्क नाही, मात्र बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना २०१७ पासून दर सत्राला १,५०० युरो द्यावे लागतात आणि म्युनिकच्या तंत्रविद्यापीठानेही २०२४ पासून अशा नव्या विद्यार्थ्यांना शुल्क लावले आहे. वसतिगृहे आणि मेन्सा (विद्यार्थ्यांचे भोजनालय) चालवणाऱ्या संस्थेसाठी घेतली जाणारी सत्रवर्गणी सर्वांनाच भरावी लागते. खरा भार निर्वाहाचा आहे. व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाची रक्कम ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक हप्त्यानेच पैसे काढता येतील अशा खात्यात, आगाऊ ठेवणे हा रूढ मार्ग आहे, सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो, अशी धरली जाते, आणि म्युनिकसारख्या शहरात ती घरभाड्यापुढे तोकडी पडते. त्याखेरीज भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचे प्रमाणपत्र, सामान्यतः सक्तीचे आहे.

गुणांचे रूपांतर हा भाग मात्र बारकाईने पाहण्यासारखा आहे. जर्मन श्रेणीत १.० सर्वोत्तम, ४.० उत्तीर्णतेची सीमा आणि ५.० अनुत्तीर्ण, परदेशी गुण या मापात बसवण्यासाठी ‘बव्हेरियन सूत्र’ वापरतात. कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करावेत, कमाल आणि किमान उत्तीर्ण गुण यांच्यातील अंतराने त्या उत्तराला भागावे, तीनने गुणावे आणि एक मिळवावा. दहापैकी आठ सीजीपीए असलेल्याची श्रेणी, उत्तीर्णतेची सीमा चार धरल्यास २.० येते आणि पाच धरल्यास २.२, प्रवेशाची अट २.० ची असेल तर एवढ्या फरकानेही अर्ज बाद होऊ शकतो. त्यामुळे आपल्या विद्यापीठाची उत्तीर्णतेची सीमा अधिकृत कागदावर स्पष्ट लिहिलेली असणे ही किरकोळ बाब मानता येत नाही.

प्रवेशानंतर अध्यापनाचे स्वरूप तीन पातळ्यांवर विभागलेले दिसते : प्राध्यापकाचे मोठ्या सभागृहातील व्याख्यान, त्यास जोडून साहाय्यकांनी घेतलेले उदाहरणे सोडवण्याचे वर्ग आणि जेथे विद्यार्थ्यालाच विषय मांडावा लागतो तो परिसंवाद. व्याख्यानाला सहसा हजेरी घेतली जात नाही आणि अनेक विषयांत सत्राअखेरच्या एकाच परीक्षेवर श्रेणी ठरते, म्हणून सत्रभर कोणीच काही विचारत नाही हा सुखद वाटणारा अनुभव बेसावध विद्यार्थ्याला महागात पडतो. शिवाय परीक्षेला बसण्यासाठी बहुतेक ठिकाणी स्वतंत्र नावनोंदणी करावी लागते. मुदत चुकली तर त्या सत्रात परीक्षा नाही, आणि नोंदणी करून सबळ कारणाविना गैरहजर राहिल्यास तो प्रयत्न अनुत्तीर्ण धरला जातो. प्रयत्नांची संख्याही मर्यादित, अनेकदा तीनच, असते. अनिवार्य विषयात शेवटचा प्रयत्नही फसला तर विद्यार्थी ‘कायमचा अनुत्तीर्ण’ ठरतो आणि सामान्यतः जर्मनीतील अन्य विद्यापीठांतही त्याच अभ्यासक्रमाला त्याला प्रवेश मिळत नाही. एटीकेटी आणि पुनःपुन्हा परीक्षेची सवय असलेल्यांना हा नियम कठोर वाटेल, परंतु करदात्यांच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेने अल्प शुल्काच्या बदल्यात घातलेली ही अट अन्याय्य म्हणता येणार नाही.

हे सारे नियम प्रत्येक अभ्यासक्रमाच्या परीक्षा-नियमावलीत छापलेले असतात आणि ती विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते, पण ती बहुधा जर्मन भाषेत असते. अर्ज भरण्यापूर्वी इच्छुकांनी ती कोणाकडून तरी समजून घेऊन वाचावीच.