न्यायासनाची पात्रता

अमेरिकेत संघराज्याच्या अपील न्यायालयावरील न्यायाधीशाचे नाव राष्ट्राध्यक्ष सुचवितो. परंतु सिनेटची संमती मिळाल्याखेरीज ते पद कायम होत नाही. सर्वोच्च न्यायालय थोडेच खटले ऐकते. म्हणून बहुतेकांचा, कामगारांचाही, शेवटचा निवाडा या अपील न्यायालयातच होतो.

सप्टेंबर १९६१ मध्ये केनेडींनी न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयासाठी थर्गुड मार्शल यांचे नाव पाठविले. शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविणारा १९५४ चा निकाल मिळविणारे हे कृष्णवर्णीय वकील. सर्वोच्च न्यायालयात ३२ खटले लढविले, २९ जिंकले. तरी दक्षिणेकडील सिनेटरांनी चौकशी महिनोन्‌महिने रेंगाळविली. न्यूयॉर्कचे सिनेटर जॅव्हिट्स व कीटिंग केनेडींच्या विरोधी पक्षाचे. पण त्यांनी मार्शलांची बाजू उघडपणे घेतली. अखेर ११ सप्टेंबर १९६२ रोजी ५४ विरुद्ध १६ मतांनी संमती मिळाली.

दुबळ्यांची वकिली करणारा निःपक्षपाती कसा राहील, असे विचारतात. मालकांच्या वकिलाला हा प्रश्न कोणी विचारतो काय? आम्ही युनियनवाले न्यायासनावर आपला माणूस मागत नाही. कायदा जाणणारा व दोन्ही बाजू ऐकणारा माणूस मागतो. तो लाभला, तर त्याच्यासाठी उघड बोलले पाहिजे. आपण गप्प बसलो, की अडविणाऱ्यांचेच फावते.