सर्व्हरचा पाटील कोण?

आमच्या तालुक्यातील तरुण कार्यकर्त्यांनी आठ वर्षे खपून चालविलेले एक पेज एका सकाळी नाहीसे झाले. धम्मचक्र प्रवर्तन दिनाची छायाचित्रे, अत्याचाराच्या घटनांच्या नोंदी, मोर्चांची वृत्ते, म्हाताऱ्या कार्यकर्त्यांच्या मुलाखती असे सारे त्यावर होते. गुन्हा काय? एका गावातील बहिष्काराची बातमी टाकली आणि जातीयवादी टोळीने ठरवून शेकडो तक्रारी केल्या. कंपनीने ना आरोप सांगितला, ना बाजू ऐकली, ना निकालाची कारणे दिली. आम्ही वकील या नात्याने नोटीस पाठविली. उत्तर आले ते यंत्राचे. आपण आमच्या नियमांचा भंग केला आहे, एवढेच! कोणता नियम, याचा पत्ता नाही. या देशात फाशीच्या कैद्यालाही अपील आहे. आमच्या आठ वर्षांच्या नोंदींना ते नव्हते.

हे काही आमच्या एका तालुक्याचे दुखणे नव्हे. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये साऱ्या देशाने ते पाहिले. नाझी सलामी द्यायला नकार देणाऱ्या जर्मन कामगाराचे १९३६ सालचे प्रसिद्ध छायाचित्र लावले म्हणून सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते बंद करण्यात आले. पाठोपाठ पत्रकार दिलीप मंडल यांच्या खात्यावर निर्बंध आले आणि बहुजन तरुणांचा संताप उफाळून आला. ब्लू टिक कोणाला मिळते? कोणाचे खाते बंद होते? ट्विटर जातीयवादी आहे काय? हे प्रश्न त्या आठवड्यांत लाखो बोटांनी विचारले. त्याच वेळी हजारो भारतीय 'मास्टोडॉन' नावाच्या नव्या ठिकाणी गेले. काही महिन्यांत त्यातले बहुतेक परतही आले. का गेले आणि का परतले, याचा विचार चळवळीने अद्याप नीट केलेला नाही.

प्रथम कायद्याची बाजू पाहू. हेगडे दिल्ली उच्च न्यायालयात गेले तेव्हा ट्विटरचा युक्तिवाद असा होता की, आम्ही खासगी कंपनी आहोत, आमच्याविरुद्ध रिट चालत नाही. भाषणस्वातंत्र्याचे कलम १९ प्रामुख्याने शासनाचा हात धरते, कंपनीचा नव्हे, ही आमची खरी अडचण आहे. आमची सार्वजनिक चर्चा आज ज्या मैदानात चालते ते मैदान खासगी मालकीचे आहे. मालक बदलला की नियम बदलतात. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये इलॉन मस्क यांनी ४४ अब्ज डॉलरला ट्विटर विकत घेतले आणि ज्या ब्लू टिकसाठी आमची पोरे भांडली ती पैसे टाकून मिळू लागली! मालक स्वदेशी असला म्हणून फरक पडतो असेही नाही. 'कू' हे भारतीय ॲप २०२० साली वाजतगाजत आले आणि २०२४ च्या जुलैमध्ये बंद पडले. दुकान मिटले, त्याबरोबर लोकांची जमवाजमवही मिटली.

मास्टोडॉनची रचना वेगळी आहे. ऑयगन रोच्को या जर्मनीतील तरुणाने ते २०१६ साली सुरू केले. त्याला एक मालक नाही, एक सर्व्हर नाही. सॉफ्टवेअर फुकट आहे, ते घेऊन कोणीही आपला सर्व्हर उभारावा, आपले नियम करावेत आणि तरीही दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसाशी बोलावे. हे सर्व्हर ज्या सामाईक भाषेत एकमेकांशी बोलतात तिला 'ॲक्टिव्हिटीपब' म्हणतात. वेबची मानके ठरविणाऱ्या संस्थेने २०१८ साली तिला मान्यता दिली. आपल्या समाजबांधवांना हे समजायला कठीण नाही. प्रत्येक वस्तीचे विहार वेगळे, कमिटी वेगळी, वर्गणी वेगळी. पण त्रिसरण-पंचशील एकच, म्हणून कोणीही कोणत्याही विहारात जाऊन बसू शकतो. एक कमिटी बिघडली म्हणून सारी विहारे बंद पडत नाहीत. या जोडणीला ते लोक 'फेडरेशन' म्हणतात. १९४२ साली नागपुरात शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापणाऱ्या समाजाला हा शब्द नवा कसा असेल?

यात आम्हाला आशा दिसते ती आमच्या इतिहासामुळे. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला तेव्हा 'केसरी'ने त्याची पैसे देऊन दिलेली जाहिरातही छापली नाही. बाबासाहेब दुसऱ्याच्या छापखान्याच्या दारात अर्ज घेऊन उभे राहिले नाहीत. 'मूकनायक', 'बहिष्कृत भारत', 'जनता', 'प्रबुद्ध भारत' अशी एकामागून एक पत्रे त्यांनी काढली. ज्याचे साधन त्याचा शब्द, हे त्यांनी ओळखले होते. आज आम्ही काय करतो? जयंतीचे छायाचित्र, अत्याचाराचा पुरावा, समाजाचा इतिहास परक्या कंपनीच्या हवाली करतो आणि ती दार लावून घेते तेव्हा तिच्याच दारात निषेध नोंदवितो!

मग सारे मास्टोडॉनवर चला, असे आम्ही सांगावे काय? नाही. विकेंद्रीकरण हा शब्द ऐकून भुलणाऱ्यांत बाबासाहेबांचे अनुयायी तरी असू नयेत. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना बाबासाहेबांनी ग्रामस्वराज्याच्या गोडव्यांचा समाचार घेतला आणि मसुद्याने गाव नव्हे तर व्यक्ती हा घटक मानला याबद्दल समाधान व्यक्त केले. कारण त्यांना गाव ठाऊक होते. सत्ता दिल्लीहून गावात आली म्हणजे ती लोकांकडे आली असे होत नाही. ती पाटलाकडे जाते, आणि महारवाड्याला दिल्लीपेक्षा पाटील जवळ असतो.

सर्व्हर हेही एक गावच आहे. त्याचा चालक, म्हणजे ॲडमिन, हा तिथला पाटील. कोणाला आत घ्यायचे, कोणाला हाकलायचे, कोणत्या शेजारगावाशी व्यवहार तोडायचा, हे तोच ठरवितो. तो न्यायी असला तर उत्तम. नसला तर? सर्व्हर सोडून दुसरीकडे जाता येते, हे खरे. आपले अनुयायी सोबत नेता येतात. पण मास्टोडॉनवर जुन्या पोस्ट सोबत येत नाहीत. गाव सोडायची मुभा आहे, घर मागे ठेवायची अट आहे! २०२३ साली 'मास्टोडॉन डॉट लोल' हा हजारो सदस्यांचा सर्व्हर त्याच्या चालकाने रोजच्या शिवीगाळीला कंटाळून बंद केला. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. एका माणसाच्या खांद्यावर गाव उभे केले की असेच होणार.

दुसरा धोका शत्रूचा. फुकट सॉफ्टवेअर जसे आम्हाला मिळते तसे द्वेष्ट्यांनाही मिळते. २०१९ च्या जुलैमध्ये अमेरिकेतील वर्णद्वेष्ट्यांचा अड्डा म्हणून ओळखले जाणारे 'गॅब' मास्टोडॉनच्याच सॉफ्टवेअरवर आले. मास्टोडॉन बनविणारे त्यांना रोखू शकले नाहीत. इतर सर्व्हरनी त्यांच्याशी संबंध तोडले. याचा उपयोग झाला, विष सगळीकडे पसरले नाही. पण अड्डा अड्ड्याच्या जागी राहिला. जातीच्या बाबतीत तर आणखी एक पेच आहे. 'मास्टोडॉन डॉट सोशल' या मूळ सर्व्हरच्या नियमांत वर्णद्वेषाच्या पंक्तीत 'कास्टिझम' हा शब्दही आहे. त्याचे आम्ही स्वागतच करतो. परंतु मराठीतील जातीवाचक टोमणा युरोपात बसलेल्या तपासनिसाला कसा कळावा? 'सरकारचे जावई' या दोन शब्दांतील विष त्याला कोणत्या शब्दकोशात सापडणार?

तिसरा धोका कायद्याचा. सर्व्हर चालविणारा लहान असला तरी माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या दृष्टीने तो मध्यस्थ ठरतो. कलम ७९ चे संरक्षण हवे असेल तर तक्रार अधिकारी नेमणे, मुदतीत दखल घेणे, न्यायालयाच्या वा शासनाच्या आदेशाचे पालन करणे ही कर्तव्ये त्याच्याकडे येतात. कंपनीकडे वकिलांची फौज असते. आमच्या पोराकडे काय असते? शिवाय मास्टोडॉनवरचे खासगी संदेश चालकाला वाचता येतील अशा स्वरूपात सर्व्हरवर राहतात. २०२३ च्या मे महिन्यात अमेरिकेत एफबीआयने 'कोलेक्टिव्हा' या सर्व्हरच्या एका चालकाच्या घरावर छापा घातला तेव्हा सदस्यांच्या माहितीची प्रत त्यांच्या हाती लागली. म्हणून आम्ही कार्यकर्त्यांना बजावून सांगतो की, अत्याचारपीडितेचा जबाब, साक्षीदाराचे नाव, तिचा पत्ता कोणत्याही सर्व्हरवरच्या संदेशात टाकू नका.

या अडचणी ऐकून हात बांधून बसायचे काय? त्याचे उत्तर अमेरिकेतील कृष्णवर्णीय बांधवांनी दिले आहे. ट्विटरमधूनच जन्मलेली 'ब्लूस्काय' ही दुसरी विकेंद्रित रचना. २०२३ साली तिथे कृष्णवर्णीयांविरुद्धच्या शिव्या लोकांनी चक्क खात्याचे नाव म्हणून घेतल्या आणि कंपनी झोपलेली राहिली. न्यूयॉर्कच्या रूडी फ्रेझर यांनी त्याच वर्षी 'ब्लॅकस्काय' सुरू केले. प्रथम कृष्णवर्णीयांच्या पोस्टचा वेगळा प्रवाह, मग त्यांनीच निवडलेली माणसे बसवून द्वेषपूर्ण मजकुराची छाननी, आणि पुढे स्वतःचे सर्व्हर. मैदान त्यांनी सोडले नाही. मैदानात आपला पहारा बसविला. १९७२ साली मुंबईत ब्लॅक पँथरवरून दलित पँथर हे नाव घेणाऱ्यांच्या वारसांना यातून काहीच घेता येणार नाही काय?

बाबासाहेबांच्या इशाऱ्याचा अर्थ गावाकडे पाठ फिरवा असा नव्हता. गावाला संरक्षणाशिवाय सत्ता देऊ नका, असा होता. पुढे ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना घटनात्मक स्थान मिळाले तेव्हा अनुसूचित जाती-जमातींसाठी आणि स्त्रियांसाठी राखीव जागाही घटनेत लिहाव्या लागल्या. त्या जागांमुळेच आमच्या बाया सरपंचाच्या खुर्चीपर्यंत पोहोचल्या. त्यांना झेंडा फडकवू न देणारी गावे अजून आहेत, पण आता त्यांच्या हाती कायदा आहे. सर्व्हरच्या बाबतीतही हेच सूत्र लावावे लागेल.

म्हणून आमची सूचना साधी आहे. सध्याची खाती कोणी बंद करू नयेत, कारण समाज तिथे आहे. पण प्रत्येक जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी आपल्या नोंदींची दुसरी प्रत आजच स्वतःजवळ काढून ठेवावी. वकील, अभियंते, प्राध्यापक आणि महिला मंडळाच्या कार्यकर्त्या यांनी मिळून एक सर्व्हर उभारावा. त्याच्या किल्ल्या एकाच्या हाती नसाव्यात. नोंदणीकृत संस्था असावी, लेखी नियम असावेत, हाकलण्यापूर्वी बाजू ऐकली जावी, अपील असावे, छाननी करणाऱ्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात. आणि हिशेब दर महिन्याला जाहीर व्हावा.

हिशेबाचा मुद्दा शेवटी घेतला, कारण तोच सर्वांत अवघड आहे. 'मूकनायक'ला राजर्षी शाहू महाराजांनी २५०० रुपये दिले, तरी तो पत्र म्हणून फार काळ टिकला नाही. 'बहिष्कृत भारत' १९२९ साली बंद पडले ते वाचक नव्हते म्हणून नव्हे, पैसा आणि हाताखाली माणसे नव्हती म्हणून. लिखाणाचा भार बाबासाहेबांनी बहुतांशी एकट्याने वाहिला. फुकटच्या खात्याची सवय लागलेल्या आम्हाला महिन्याला २० रुपये वर्गणी जड वाटते. मग आमच्या फोटोंवर, आमच्या दुःखावर जाहिराती विकणारी कंपनी आमची मालक होते, याचे आश्चर्य का वाटावे?

आमच्या तालुक्यातील ते पेज परत आले नाही. पण तिघांकडच्या मोबाइलमधून आणि एका जुन्या पेन ड्राइव्हमधून काही छायाचित्रे आणि चार मुलाखती सापडल्या. त्या मुलाखतींतील दोन कार्यकर्ते आज हयात नाहीत. पोरे आता त्या विहारातल्या संगणकावर लावत आहेत आणि वर्गणीची वही उघडली आहे. पहिल्या पानावर नऊ नावे आहेत. वही मोठी आहे, बांधवांनो.

जयभीम!