विंधन विहिरीवरील हवेचा कॉम्प्रेसर : वापर व निगा

धाराशिव जिल्ह्याचा बराचसा भाग बालाघाटाच्या पठारावर व त्याच्या उतारांवर वसलेला असून त्याच्याखाली काळ्या पाषाणाचे थर एकावर एक पसरलेले आहेत. या पाषाणात पाणी साठते ते त्याच्या भेगांत, सांध्यांत आणि झिजून मुरूम झालेल्या थरांत. त्यामुळे एका बांधावर बोअरला पाणी लागावे आणि पन्नास पावलांवरील दुसऱ्या बोअरमधून नुसती धूळ उडावी, हा अनुभव तेरणेच्या खोऱ्यापासून परांड्याच्या माळापर्यंत सर्वत्र येतो. १९७२ च्या दुष्काळानंतर हवेच्या दाबाने खडक फोडणारी विंधन यंत्रे गावोगाव दिसू लागली, आणि तेव्हापासून बोअरची संख्या वाढत गेली. पाणी मात्र पुष्कळ ठिकाणी 'अर्धा इंच' किंवा 'एक इंच' एवढेच राहिले. अशा बोअरमध्ये पाणबुडी मोटर सोडली म्हणजे ती थोड्याच वेळात साठलेले पाणी उपसून कोरडी पडते, आणि लक्ष नसल्यास जळते.

अशा ठिकाणी अनेक शेतकरी तीन किंवा पाच अश्वशक्तीचा, कमी किमतीचा हवेचा कॉम्प्रेसर बसवितात. निवड वाईट नाही. परंतु यंत्र स्वस्त आहे म्हणून ते निगेवाचून चालेल, हा समज महागात पडतो. दोन उन्हाळ्यांत निकामी झालेले कॉम्प्रेसर पाहिले असता बहुतेकांचे दुखणे यंत्राच्या घडणीत नसून वापराच्या रीतीत असल्याचे दिसून येते.

हवेने पाणी वर कसे येते

कॉम्प्रेसर पाणी ओढीत नाही, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी. बोअरमध्ये दोन पाईप सोडलेले असतात. एक बारीक, हवेचा. दुसरा जाड, पाण्याचा. बारीक पाईपमधून गेलेली हवा जाड पाईपच्या तळाशी पाण्यात शिरते व तिचे बुडबुडे होऊन वर चढू लागतात. हवा व पाणी यांचे हे मिश्रण साध्या पाण्यापेक्षा हलके असते. त्यामुळे पाईपबाहेरचे जड पाणी आतल्या हलक्या मिश्रणास वर ढकलते. बोअरमध्ये फिरणारा असा एकही भाग नसल्यामुळे वाळू, गाळ किंवा बोअरचा वाकडेपणा यांचा यंत्रास उपद्रव होत नाही, आणि पाणी संपले तरी मोटर जळण्याची भीती नसते.

या सोयीची किंमत विजेच्या रूपाने द्यावी लागते. तितक्याच विजेत पाणबुडी मोटर पुष्कळ अधिक पाणी देते. पाच अश्वशक्तीचा कॉम्प्रेसर तासाला चार युनिटांहून अधिक वीज घेतो. यास्तव ज्या बोअरचे पाणी सलग दोन-तीन तास टिकते, तेथे कॉम्प्रेसर बसवू नये.

बाहेरचे पाणी आतल्यास ढकलते, म्हणून हवेच्या पाईपचे टोक पाण्यात किती बुडालेले आहे यावर सर्व काही अवलंबून आहे. उदाहरणार्थ, ६० मीटर खोल बोअरमध्ये हवेचा पाईप ५५ मीटरपर्यंत सोडला आणि यंत्र चालू असताना पाणी जमिनीपासून ३० मीटरवर स्थिरावले, तर पाईपचा २५ मीटर भाग पाण्यात राहिला. म्हणजे सोडलेल्या लांबीच्या जवळजवळ निम्मा. असे असता पाणी चांगले येते. तेच पाणी उन्हाळ्यात ३८ मीटरवर गेले की बुडालेला भाग १७ मीटर, म्हणजे एक तृतीयांशाहूनही कमी उरतो. मग पाणी धारेने न येता धापा टाकीत, उसळ्या मारीत येते, आणि हवा मात्र पूर्वीइतकीच खर्च होते. अशा वेळी पुष्कळजण कॉक पूर्ण उघडून अधिक हवा सोडतात. याचा परिणाम उलटा होतो. अधिक हवा पाण्यास वर न नेता त्याच्यामधून वाट काढून निघून जाते. कॉक हळूहळू बंद करीत आणावा व ज्या ठिकाणी धार सर्वांत सलग वाटेल तेथे खूण करून ठेवावी. पाईपचे टोक बोअरच्या अगदी तळाशी टेकवू नये. गाळासाठी दोन-तीन मीटर जागा सोडावी.

टाकीतील पाणी

निगेच्या सर्व बाबींमध्ये टाकीतील पाणी काढण्यास पहिले स्थान द्यावयास हवे, आणि हीच बाब सर्वांत अधिक दुर्लक्षिली जाते. "आम्ही टाकीत पाणी घालीतच नाही, मग ते येणार कोठून?" असे शेतकरी विचारतात. प्रश्न रास्त आहे. पाणी हवेतूनच येते. ३० अंश उष्णतेच्या, पूर्ण दमट अशा एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपाने असते. ती हवा दाबून तिचा आकार एक अष्टमांश केला व ती पुन्हा थंड झाली, तर तिला त्यापैकी जेमतेम ४ ग्रॅम पाणी धरून ठेवता येते. बाकीचे २६ ग्रॅम थेंबांच्या रूपाने गळते. पाच अश्वशक्तीचा कॉम्प्रेसर तासाला ३० घनमीटरांच्या आसपास हवा ओढतो, हे लक्षात घेतले म्हणजे पावसाळ्यात किती पाणी सुटत असेल याची कल्पना येईल. त्यातील पुष्कळसे हवेबरोबर बोअरमध्ये जाते. राहिलेले टाकीच्या तळाशी साचून तेथील पत्रा आतून खातो. बाहेरून रंग ताजा असतो आणि आत पत्रा कागदासारखा झालेला असतो.

यास्तव रोज काम संपल्यावर, टाकीत थोडा दाब शिल्लक असताना, तळाचा कॉक सावकाश उघडावा. प्रथम तांबूस पाणी येईल, मग फेस, मग कोरडी हवा. कोरडी हवा येईपर्यंत कॉक बंद करू नये. या कामास दोन मिनिटे लागतात. कॉक गंजून बसला असेल तर तो बदलावा. त्याला डांबर किंवा एम-सील लावून कायमचा बुजविणे म्हणजे टाकीच्या आयुष्यावर बोळा फिरविणे होय.

टाकी गळू लागल्यास तिला वेल्डिंगचे ठिगळ लावू नये. एका ठिकाणी भोक पडले याचा अर्थ आजूबाजूचा पत्राही तितकाच झिजला आहे. दाबलेली हवा पाण्यासारखी नसते. पाण्याची टाकी फुटली तर पाणी सांडते. हवेची फुटली तर पत्र्याचे तुकडे बंदुकीच्या गोळीसारखे सुटतात. जुना कॉम्प्रेसर विकत घेताना टाकी पाण्याने काठोकाठ भरून, हातपंपाने नेहमीच्या दीडपट दाबापर्यंत तपासून घ्यावी. ही तपासणी हवेने कधीही करू नये. गॅसचे रिकामे सिलिंडर किंवा ट्रकची जुनी टाकी जोडून खर्च वाचविण्याचा प्रयत्नही कोणी करू नये.

याच कारणास्तव सेफ्टी व्हॉल्व्हला हात लावण्याची कोणास मुभा नाही, असे समजावे. प्रस्तुत लेखकाने एका शिवारात या व्हॉल्व्हच्या जागी साधा बोल्ट पिळलेला पाहिला. मालकांनी सांगितले, "साहेब, तो सारखा फुसफुसत होता, हवा वाया जात होती." तपासता असे आढळले की दाब ठरल्या मर्यादेवर गेला तरी मोटर बंद करणारा स्विच चिकटून बसला होता, आणि व्हॉल्व्ह बिचारा आपले काम चोख करीत होता. तो फुसफुसत असेल तर दोष प्रथम अन्यत्र शोधावा. आठवड्यातून एकदा त्याची कडी ओढून हवा सुटते किंवा नाही हे पाहावे.

नेमबाजीच्या हवाबंदुकीची नळकांडी भरणारी जी लहान यंत्रे असतात, ती २०० ते ३०० किलो दाब निर्माण करतात. आपली यंत्रे ८ ते १२ किलोंची. दाब इतका वेगळा असला तरी दोहोंचे शत्रू तेच आहेत : ओल, उष्णता आणि धूळ.

उष्णता, धूळ व ऑइल

हवा दाबली की तापते. म्हणून कॉम्प्रेसरचे मोठे चाक पंख्यासारख्या आऱ्यांचे केलेले असते. त्याचा वारा सिलिंडरवर यावयास हवा. चाकावर किंवा त्याच्या जाळीवर बाणाची खूण असते. खेड्यात तारांची दुरुस्ती झाल्यानंतर फेज उलटसुलट जोडले जाऊन मोटर उलट फिरू लागते, हे नेहमीचे आहे. पंप उलट फिरला तर पाणी कमी येऊन लगेच समजते. कॉम्प्रेसर मात्र उलट फिरूनही हवा देतच राहतो. फक्त वारा सिलिंडरपासून दूर जातो. चार-सहा दिवसांत झडपांवर काजळी धरते व दट्ट्याच्या रिंगा जातात. लाइनवर काम झाले असे कळताच चाकाची दिशा पाहण्याची सवय लावून घ्यावी. यंत्र सावलीत असावे, पण कोंदट खोलीत नसावे. चाक व भिंत यांत हातभर अंतर ठेवावे.

ऑइल कॉम्प्रेसरचेच वापरावे, इंजिनाचे नव्हे. काचेच्या अर्ध्यापर्यंत ते असावे. ते दुधाळ दिसू लागले तर त्यात ओल शिरली आहे असे समजून बदलावे. नव्या यंत्राचे पहिले ऑइल लवकर काढावयाचे असते. पुढील मुदत यंत्राबरोबरच्या पुस्तिकेत दिलेली असते, ती पाळावी. हवेचा फिल्टर उन्हाळ्यात व मळणीच्या दिवसांत आठवड्यास झटकून साफ करावा. तो पेट्रोलने किंवा रॉकेलने धुऊन ओलाच बसवू नये. त्याची वाफ तापलेल्या सिलिंडरात जाऊन पेट घेण्याचा धोका असतो.

पट्टा दोन चाकांच्या मध्यावर अंगठ्याने दाबला असता सुमारे अर्धा इंच दबावा. पट्ट्यावरील जाळी काढून ठेवू नये. रात्रीच्या विजेसाठी ज्यांनी ऑटो स्विच बसविला आहे, त्यांनी विशेष जपावे. वीज आली की यंत्र न सांगता सुरू होते, आणि त्या वेळी पट्ट्याजवळ असलेला हात, धोतराचा सोगा किंवा लुगड्याचा पदर ते ओळखत नाही. दुरुस्तीपूर्वी फ्यूज काढून खिशात ठेवावेत. दाबलेल्या हवेने अंगावरील धूळ उडविण्याचा खेळ मुलांना व गड्यांनाही करू देऊ नये; तिच्यामुळे डोळा किंवा कानाचा पडदा फुटू शकतो.

या बोअरचे पाणी पिण्यासाठी वापरीत असल्यास सुरुवातीचे काही मिनिटांचे पाणी सोडून द्यावे. पाण्यावर तेलाचा तवंग दिसल्यास रिंगा झिजल्या आहेत असे समजावे, आणि त्या बदलेपर्यंत ते पाणी पिऊ नये.

दाबमापकावरून पाण्याची पातळी

कॉम्प्रेसरचा एक उपयोग असा आहे की त्याची फारशी कोणास जाणीव नसते. एक किलो दाब म्हणजे सुमारे १० मीटर पाण्याचा भार. यावरून बोअरमध्ये किती पाणी उभे आहे हे दोर न सोडता कळू शकते. रात्रभर बोअरला विसावा द्यावा. सकाळी टाकी रिकामी असताना व बोअरकडील कॉक उघडा ठेवून यंत्र सुरू करावे. (असे सुरू केल्याने मोटरवर एकदम भारही येत नाही, कमी व्होल्टेजच्या गावी याचे महत्त्व मोठे आहे.) दाबमापकाचा काटा चढत जाईल, एका आकड्यावर क्षणभर थांबेल, आणि पाणी येऊ लागताच खाली उतरेल. तो सर्वांत वरचा आकडा दहाने गुणावा. काटा ३.५ वर थांबला असेल तर पाईपच्या टोकावर ३५ मीटर पाणी उभे आहे. पाईप ५५ मीटर सोडला असल्यास पाणी जमिनीपासून २० मीटरवर आहे असे झाले. दाबमापक पौंडांत असेल तर आकडा ०.७ ने गुणावा म्हणजे मीटर मिळतील. पाईपमधील घर्षणाचा थोडा अंश यात मिसळतो, म्हणून हा हिशेब अगदी काटेकोर मानू नये. परंतु मागच्या आठवड्याशी ताडून पाहण्यास तो पुरेसा आहे.

याचा लाभ कसा होतो पाहा. समजा, पौषात काटा ३.५ वर थांबत होता व माघाच्या अखेरीस तो २.६ वर थांबू लागला. पाणी ९ मीटर उतरले. धार मात्र अजून पूर्वीसारखीच दिसते, कारण निम्म्याच्या जवळपास बुडालेला पाईप पाणी देतच राहतो. केवळ धारेवर विसंबणारा शेतकरी या वेळी भाजीपाल्याचे आणखी दहा गुंठे लावतो आणि चैत्रात ते वाळताना पाहतो. काटा पाहणारा मात्र माघातच ठरवू शकतो की आहे त्या झाडांना ठिबकने जगवावयाचे व नवे काही लावावयाचे नाही. कॉम्प्रेसर बोअरमधील शेवटचे पाणीही काढून देतो. नवे पाणी तो निर्माण करीत नाही. पाणी खाली गेले म्हणून बोअर आणखी खोल करण्याचा विचार करणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ हा कायदा २०१४ पासून अमलात असून, शेतीसाठी ६० मीटरहून खोल विहीर घेण्यास त्यात मनाई आहे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या गावातील अशा चार-पाच बोअरवर ही नोंद सुरू करून द्यावी. दोनशे लिटरचे पिंप व घड्याळ एवढेच साहित्य लागते. पिंप पाच मिनिटांत भरले तर तासाला २,४०० लिटर पाणी मिळते. वहीत तारीख, काट्याचा सर्वांत वरचा आकडा, पिंप भरण्यास लागलेली मिनिटे आणि टाकीतील पाणी काढले किंवा नाही, असे चार रकाने आखावेत. आठवडी बाजाराचा दिवस नोंदीसाठी ठरवून घेतला तर विसर पडत नाही. वही शेडमध्येच, फिल्टरपासून दूर, खिळ्यास टांगून ठेवावी.